दोन मिनिटे थांबण्यामागचे कारण

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा त्यांना इतिहासाचा एखादा विषय अपेक्षित असावा. इतिहासात एम. ए. केलेल्या आणि निम्म्याहून अधिक आयुष्य तोच विषय शिकवण्यात घालवलेल्या शिक्षकाकडून दुसरे काय मागणार? तरीही या वेळी आम्ही मोटारीच्या इंजिनावर लिहीत आहोत, आणि त्यामागे दोन कारणे आहेत.

पहिले कारण उघड आहे. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पाहता पाहता उरण तालुक्याचे रस्ते कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांनी भरून गेले. ज्या घरांच्या शेतजमिनी आणि मिठागरे गेली त्या घरांतली, तसेच पोटासाठी बाहेरून येथे आलेल्या घरांतली अनेक मुले स्टिअरिंगवर बसली. आमच्या पालकसभेला बसणाऱ्यांत ट्रेलर, बस किंवा टेम्पो चालवणारे आणि गॅरेजमध्ये काम करणारे नेहमीच मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या व्यवसायातील एका साध्या प्रश्नाला शाळेच्या स्मरणिकेत जागा मिळावी, असे आम्हांस वाटले. दुसरे कारण म्हणजे आमच्या हातून घडलेली एक चूक. ती लेखाच्या ओघात येईलच.

मागच्या माजी विद्यार्थी मेळाव्याच्या सकाळी शाळेच्या आवारात एक छोटासा वाद झाला. मुंबईहून नव्या गाडीने आलेल्या एका विद्यार्थ्याने गाडी उभी करताच इंजिन बंद केले. त्याचा वर्गमित्र बंदरात ट्रेलर चालवतो. तो म्हणाला, "अरे, टर्बोची गाडी आहे ना? पाच मिनिटं चालू ठेवायची असते." त्यावर पहिला म्हणाला, "ते जुन्या गाड्यांचं. आता काही लागत नाही." दोघेही आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा, बरोबर कोण?" त्यांना तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो की लिहून देऊ. दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर होते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी टर्बो म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

वाया जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सगळी शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. तिचा सुमारे एक तृतीयांश भाग तापलेल्या धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर निघून जातो. हा वाया जाणारा भाग कामाला लावण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने शोधली आणि १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. युक्ती ऐकायला सोपी आहे. एका आखूड शाफ्टच्या दोन टोकांना दोन लहान चाके बसवायची. बाहेर पडणारा धूर पहिल्या चाकाच्या पात्यांवर आदळून ते फिरवतो. याला टर्बाइन म्हणतात. त्याच शाफ्टवरचे दुसरे चाक बाहेरची ताजी हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. याला कॉम्प्रेसर म्हणतात. हवा जास्त मिळाली की तितकेच जास्त इंधन जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करू लागते. लोहाराचा भाता भट्टीला वारा घालतो तसाच हा भाता, फक्त तो चालवतो भट्टीचाच धूर.

कल्पना कागदावर उतरली तरी ती व्यवहारात यायला वीस वर्षे गेली. १९२५ च्या सुमारास ब्यूखी यांना डिझेल इंजिनाची शक्ती चाळीस टक्क्यांहून अधिक वाढवून दाखवता आली आणि मग जहाजांच्या इंजिनांवर टर्बो बसू लागले. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीने टर्बो लावलेले ट्रकचे इंजिन आणले. १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा टर्बोच्या मोटारी विक्रीला आल्या. आपल्याकडे धुराचे नियम जसजसे कडक होत गेले तसतसा टर्बो बहुतेक सगळ्या डिझेल वाहनांत आला, आणि आता तो एक लिटरच्या छोट्या पेट्रोल गाडीतही दिसतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बी. एस. ६ नियमांनंतर तर टर्बो नसलेले नवे डिझेल वाहन शोधूनच काढावे लागेल.

उरणकरांना टर्बाइन हा शब्द नवा नाही. बोकडविऱ्याचे वायू विद्युत केंद्र १९८२ पासून आपल्या उशाला उभे आहे. तेथेही तापलेल्या वायूच्या झोताने पाती फिरतात आणि बाहेर पडणाऱ्या वायूची उष्णता वाया जाऊ न देता तिच्यावर वाफ करून पुन्हा वीज काढली जाते. अशा केंद्रांतील एक रीत आपल्या विषयाला धरून आहे. मोठी वायू टर्बाइन बंद केली तरी तिचा शाफ्ट लगेच स्थिर होऊ देत नाहीत. तो कित्येक तास अगदी हळू फिरवत ठेवतात. तापलेला जड शाफ्ट एका जागी पडून राहिला तर वरून-खालून सारखा निवत नाही आणि किंचित वाकतो. मोटारीच्या टर्बोला वाकण्याचे भय नसते, त्याचे दुखणे वेगळे आहे. पण तापलेले यंत्र थांबवायला वेळ लागतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

तव्यावरचे तेल

घरातला पंखा मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो. मोटारीच्या टर्बोचा शाफ्ट पूर्ण जोरात असताना मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेतो. ट्रकचा टर्बो आकाराने मोठा म्हणून थोडा संथ, तरी त्याचेही फेरे लाखाच्या घरात जातात. इतक्या वेगात धातूवर धातू घासला तर शाफ्ट क्षणभरही टिकणार नाही. म्हणून तो इंजिन ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. हे ऑइल इंजिनाचा पंप सतत पुरवतो आणि ते दोन कामे करते: शाफ्टला तरंगत ठेवते आणि तेथली उष्णता आपल्याबरोबर वाहून नेते.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. पूर्ण भार ओढताना डिझेल इंजिनाचा धूर टर्बाइनपाशी सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. पेट्रोल इंजिनात तो नऊशेच्याही पुढे जातो. त्या भट्टीपासून अगदी थोड्या अंतरावर शाफ्टचे बेअरिंग आणि त्यातले ऑइल असते. इंजिन चालू आहे तोवर ऑइल वाहते राहते आणि बेअरिंग सुरक्षित राहते. पण अशा तापलेल्या अवस्थेत किल्ली फिरवून इंजिन बंद केले, की त्याच क्षणी पंप थांबतो आणि ऑइलचा पुरवठा तुटतो. शाफ्ट मात्र आधीच्या वेगाने काही सेकंद फिरतच राहतो. त्याहून महत्त्वाचे असे की टर्बाइनच्या लोखंडात साठलेली उष्णता आता दुसरी वाट नसल्याने शाफ्टवरून बेअरिंगकडे सरकते. म्हणजे इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटे बेअरिंग थंड होण्याऐवजी आणखी तापते.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ज्यांनी पाळी केली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. गॅस बंद केला तरी जाड तव्यावरची शेवटची भाकरी करपू शकते. त्याच तव्यावर चार थेंब तेल राहून गेले, तर थोड्या वेळाने त्याचा तपकिरी, चिकट थर होतो आणि तसे रोज घडले तर काळा, खरवडूनही न निघणारा किटण चढतो. टर्बोत हेच होते. अडकून पडलेले ऑइल अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे गेले की जळू लागते आणि त्याचा कठीण कार्बन होतो. तो ऑइलच्या बारीक वाटा अरुंद करतो, शाफ्टला घासतो आणि सील खातो. पुढे शाफ्टला खेळ येतो, शिटीसारखा आवाज येऊ लागतो, निळा धूर दिसतो, पिकअप जातो आणि एके दिवशी मिस्त्री सांगतो, "टर्बो गेला."

यावरचा उपाय म्हणजे बंद करण्यापूर्वी इंजिन थोडा वेळ भाराविना हळू चालू ठेवणे. अशा वेळी इंधन फार कमी जळते, धूर बराच थंड असतो आणि ऑइल व पाणी वाहत राहून साठलेली उष्णता काढून नेतात. दोन मिनिटांचे गूढ एवढेच आहे.

घाटमाथ्यावरची बस

काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांची सहल घेऊन कार्ल्याच्या लेण्यांना निघालो होतो. भाड्याची बस होती आणि ती चालवणारे काका आमच्याच एका विद्यार्थिनीचे वडील होते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर उंच चढतो. बस पूर्ण भरलेली होती, घाट चढताना इंजिन सारखे ओरडत होते. माथ्यावर नाश्त्यासाठी गाडी थांबली. मुले उतरली, दोघा-तिघांना घाट लागला होता, आणि बसचा धूर थेट त्यांच्या तोंडावर येत होता. आम्ही काकांना म्हणालो, "काका, आधी गाडी बंद करा." ते म्हणाले, "सर, दोन मिनिटं राहू द्या." आम्ही विचारले, "कशाला?" त्यांना कारण नीट मांडता आले नाही. "घाट चढून आलीये सर, राहू द्यायची असते," एवढेच ते म्हणाले. आम्ही आवाज चढवला. त्यांनी किल्ली फिरवली.

त्याच दुपारी आम्ही मुलांना कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर उभे केले आणि तेथील ब्राह्मी लेख समजावून दिले. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, हे दार घडवल्याची नोंद तेथे कोरलेली आहे. त्याच्या वडिलांचे वेणुवास हे नावही आहे. हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव दोन हजार वर्षे दगडावर टिकले, त्याच्या कसबाचा मान ठेवायला शिका, असे आम्ही मुलांना सांगितले. काका आमच्या मागेच उभे राहून ऐकत होते.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी त्या बसचा टर्बो गेला. मालकाने दुरुस्तीचा खर्च काकांच्या पगारातून कापायला सुरुवात केली. गाडी नीट हाताळली नाही, असा ठपका ठेवला. हे आम्हांला कळले ते मुलीच्या भोजन खर्चाला मुदत मागण्यासाठी ते कार्यालयात आले तेव्हा, आणि तेही आम्ही खोदून विचारल्यावर. सहलीच्या दिवसाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. तो आम्हांलाच आठवला.

आम्ही त्यांच्याबरोबर कळंबोलीच्या एका गॅरेजात गेलो. काढलेला टर्बो अजून तेथेच पडून होता. मिस्त्रींनी तो खोलून दाखवला. शाफ्टच्या टर्बाइनकडच्या बाजूला काळा, चकचकीत थर चढला होता. नखाने खरवडला तर निघेना. आम्ही सहलीचा प्रसंग सांगितला. मिस्त्री म्हणाले, "एका दिवसात एवढं होत नाही, सर. हे वर्षानुवर्षांचं आहे. ऑइल वेळेवर बदललं नाही, हलकं घातलं, आणि जो तो गाडी थांबली की बंद करा म्हणतो. ड्रायव्हरचं ऐकतो कोण?" आमची चूक त्या थरातील एक पदर होती, आणि तिचा सगळा भुर्दंड भरत होते ते एकटे काका. थांबू द्या, असे सांगणारेही तेच होते.

कधी थांबावे, कधी नको

त्या दिवसानंतर आम्ही मिस्त्रींना विचारले, वाहनांबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचल्या, आणि जे समजले ते येथे मांडतो.

किती वेळ थांबायचे हे घड्याळावर ठरत नाही. गाडी थांबण्यापूर्वीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत इंजिनाने किती भार ओढला, यावर ते ठरते. भरलेला ट्रेलर किंवा बस घाट चढून येऊन लगेच थांबली, तर तीन ते पाच मिनिटे थांबावे; जड डिझेल इंजिनांचे उत्पादकही साधारण तेवढेच सांगतात. मोटार द्रुतगती मार्गावर वेगाने किंवा घाट चढून आली आणि लगेच फूड मॉलवर उभी राहिली, तर एक-दोन मिनिटे पुरतात. गावातल्या गावात, बाजारापर्यंत किंवा शाळेपर्यंत गाडी नेली असेल, तर थांबण्याची गरजच नाही.

आता मेळाव्याच्या दिवसाचा वाद सोडवू. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या सुमारे २२ किलोमीटरच्या अटल सेतूवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. तेथे इंजिन तापते हे खरे. पण चिर्ल्याला उतरून ट्रेलरांच्या मागून हळूहळू उरणात येईपर्यंत टर्बो आपोआप निवलेला असतो. तेव्हा आवारात येऊन लगेच गाडी बंद करणारा त्या दिवशी बरोबर होता. पण "आता काही लागत नाही" हे त्याचे कारण चुकीचे होते. त्याच्या मित्राचा नियम ट्रेलरसाठी बरोबर होता, फक्त तो त्या गाडीला त्या दिवशी लागू नव्हता. यातूनच आणखी एक सोय निघते. मुक्कामाच्या आधीचे दोन-तीन किलोमीटर गाडी हलक्या पायाने चालवली, तर वेगळे थांबावे लागत नाही.

नव्या मोटारींत काही सुधारणा आहेत, त्याही लक्षात ठेवाव्यात. १९८० च्या दशकापासून टर्बोच्या बेअरिंगभोवती पाणी खेळवण्याची सोय होऊ लागली. आता अनेक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेवर चालणारा छोटा पंप किंवा पंखा काही वेळ चालू राहतो. गाडीला कुलूप लावल्यावर आतून घरघर ऐकू आली तर घाबरू नये. गाडी आपले काम करते आहे. आजची सिंथेटिक ऑइलेही जुन्या ऑइलपेक्षा अधिक उष्णता सोसतात. मात्र ऑइल वेळेवर बदलले नाही, तर या सुधारणांचा फारसा उपयोग होत नाही. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल, ते आमच्या या लेखाहून वरचढ समजावे.

जुन्या चालकांची एक सवय मात्र सोडलीच पाहिजे. गाडी बंद करण्यापूर्वी जोरात रेस देऊन मग किल्ली फिरवण्याची रीत काही जण पाळतात. टर्बोच्या गाडीत यासारखे दुसरे नुकसान नाही, कारण शाफ्ट पूर्ण वेगात असतानाच त्याचे ऑइल तुटते. सकाळी गाडी सुरू करतानाही तेच. ऑइल टर्बोपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ ॲक्सिलरेटर दाबू नये.

थांबण्याचा अतिरेकही नको. मोठे डिझेल इंजिन नुसते चालू ठेवले तर तासाला दोन-तीन लिटर डिझेल पिते. पाच मिनिटांत पाव लिटरच्या आत भागते, पण अर्धा तास इंजिन चालू ठेवून जेवायला बसणे म्हणजे पैसा जाळणे आणि आजूबाजूच्यांना धूर खायला लावणे. बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरात तर इंजिन चालू ठेवून थांबूच नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. तसेच लांबून आलेली गाडी वाळक्या गवतावर किंवा पेंढ्यावर उभी करू नये. खालचा एक्झॉस्ट इतका तापलेला असतो की गवत पेटू शकते. मेळाव्याला येणाऱ्यांनी शाळेच्या मैदानाच्या कडेला गाडी लावताना हे ध्यानात ठेवावे.

आणि धुराचे काय? त्या दिवशी घाटमाथ्यावर मुलांच्या तोंडावर धूर येत होता, ही आमची तक्रार खोटी नव्हती. पण त्यावर दुसरा उपाय होता. मुलांना चार पावले पलीकडे, वाऱ्याच्या उलट बाजूला न्यायचे, किंवा काकांनाच विचारायचे. विचारले असते तर बस फिरवून उभी करता आली असती. आमच्याजवळ पदवी होती आणि काकांजवळ अनुभव होता. त्यांना कारण सांगता आले नाही, म्हणून कारणच नाही असे आम्ही धरून चाललो. वर्गात आम्ही मुलांना "का?" असा प्रश्न विचारायला शिकवतो, आणि तो विचारल्यावर उत्तरासाठी थांबायलाही शिकवतो. त्या सकाळी प्रश्न आम्ही विचारला होता, थांबलो मात्र नाही.

आम्ही बसच्या मालकांना भेटून, गाडी बंद करण्याचा हुकूम आमचा होता, असे सांगितले. मिस्त्रींचे म्हणणेही त्यांच्या कानावर घातले. त्यांनी पुढची कपात थांबवली. तोवर कापलेली रक्कम आम्ही काकांना देऊ केली. ती त्यांनी बरीच आढेवेढे घेऊन स्वीकारली, तीही मुलीच्या भोजन खर्चात परस्पर जमा करा असे सांगून.

पुढच्या सहलीला बस त्यांचीच होती. घाटमाथ्यावर थांबल्यावर मुले उतरली आणि पलीकडच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. एका मुलाने विचारले, "काका, गाडी थांबली तरी इंजिन का चालू आहे?" काका खाली उतरले आणि त्याला विचारू लागले, "घरी आई भाकरी करते ना? गॅस बंद केल्यावर तवा लगेच गार होतो का?" हळूहळू मुले त्यांच्याभोवती गोळा झाली. आम्हीही मागे उभे राहून ऐकत होतो.